ठिकाणाची खूण

(आपल्या मोबाईल फोनला आपली जागा कशी कळते, समाजमाध्यमांतून ती इतरांपर्यंत कशी पोहोचते आणि ती कोणाला, केव्हा सांगावी, हे या पाठात पनवेल व परिसरातील उदाहरणे देऊन समजावून सांगितले आहे.)

मुलांनो, पूर्वी पनवेल शहरात कोणाच्या घरी जायचे असेल तर पत्ता असा सांगत : "एस.टी. स्थानकावर उतरा. टपाल नाक्याला या. तेथून मशिदीचा रस्ता विचारा. मशिदीमागच्या गल्लीत शिरलात की कोणालाही नाव सांगा, घर दाखवतील."

या पत्त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाहुण्याला शेवटी कोणाला तरी विचारावेच लागे. गल्लीतली माणसे त्याला एकदा नीट न्याहाळत. "कुठून आलात? कोणाकडे जायचंय?" असे विचारत आणि मगच घर दाखवत. पाहुणा गल्लीला पाही, तशी गल्लीही पाहुण्याला पाही.

आता पत्ता सांगण्याची रीत बदलली आहे. "लोकेशन पाठव," असे आपण म्हणतो. समोरचा माणूस बोटाने पडद्यावर एक खूण दाबतो आणि क्षणात नकाशावर लाल ठिपका उमटतो. कोणाला काही विचारावे लागत नाही. पाहुणा थेट दारात येऊन उभा राहतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण न विचारता दारापर्यंत येणारा प्रत्येकजण पाहुणाच असेल, असे नाही. म्हणून हा लाल ठिपका येतो कोठून आणि जातो कोठे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

फोनला जागा कशी कळते?

पावसाळ्यात वीज चमकलेली आपल्याला आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. वीज दिसल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण एक किलोमीटरवर चमकली, असे आपण सांगू शकतो. म्हणजे वेळ मोजून अंतर काढता येते. फोनला आपली जागा कळते, ती याच युक्तीने.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह सतत फिरत असतात. ही अमेरिकेची जी.पी.एस. नावाची व्यवस्था होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णपणे काम करू लागली. जगभर कोठेही तिचा उपयोग व्हावा यासाठी किमान २४ उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते. "मी अमुक उपग्रह, मी अमुक जागी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे," असा संदेश तो रेडिओ लहरींमधून अखंड पाठवत राहतो. या लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. त्यामुळे संदेश खाली यायला सेकंदाचा पंधरावा भागही पुरतो.

आपला फोन हा संदेश ऐकतो आणि तो यायला किती वेळ लागला, हे मोजतो. त्यावरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा काढता येते. मात्र फोनचे घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतके अचूक नसते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. ही चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनला आपली जागा सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर सांगता येते.

आपल्या देशानेही अशी व्यवस्था उभारली आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. तिचे नाव 'नाविक' असे आहे.

घरात किंवा उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संदेश नीट पोहोचत नाहीत. अशा वेळी फोन जवळच्या मोबाईल मनोऱ्यांवरून आणि आसपासच्या वाय-फायच्या खुणांवरून आपल्या जागेचा अंदाज बांधतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "उपग्रह आपल्याला वरून पाहत असतो," असे अनेकांना वाटते. तसे नाही. हे उपग्रह फक्त बोलतात, ऐकत नाहीत. कोणता फोन कोठे आहे, हे त्यांना ठाऊकच नसते. आपला फोन ज्या मनोऱ्याशी जोडलेला असतो, तो मनोरा मोबाईल कंपनीला माहीत असतो. नाहीतर आपल्याला फोन येणारच नाही. परंतु आपली नेमकी जागा मित्रांना, अनोळखी माणसांना किंवा एखाद्या ॲपला कळते, ती आपल्या फोनकडून. आणि फोनला तशी परवानगी देतो, ते आपणच.

अंकांत लिहिलेला पत्ता

भूगोलाच्या तासाला तुम्ही अक्षांश आणि रेखांश शिकला आहात. पनवेल शहर सुमारे १८.९९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.११ अंश पूर्व रेखांशावर आहे. फोन जागा साठवतो, ती याच दोन अंकांत. पण दशांश चिन्हानंतर तो दोनच अंक लिहून थांबत नाही. बहुधा पाच-सहा अंक लिहितो. त्याने काय फरक पडतो, ते पाहा.

उत्तर-दक्षिण दिशेला एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर दोन अंक लिहिले, तर जागा साधारण १.१ किलोमीटरपर्यंत कळते. म्हणजे, "हा मुलगा पनवेलच्या जुन्या वस्तीत आहे," एवढेच समजते. चार अंक लिहिले, तर ११ मीटरपर्यंत कळते. म्हणजे कोणती इमारत, तेही समजते. पाच अंकांचा अर्थ होतो सुमारे एक मीटर. फोनची स्वतःची चूक पाच मीटरांची धरली, तरी घराचे फाटक ओळखायला एवढे पुरेसे आहे.

मराठीतला 'नकाशा' आणि उर्दूतला 'नक्शा' हे एकच शब्द आहेत, हे तुम्हांला माहीत आहे. भिंतीवरच्या नकाशावर पनवेल हा एक ठिपका असतो. फोनमधल्या नकाशावर ठिपका असतो तो तुमचा. एवढाच फरक आहे, पण तो लहान नाही.

एका फोटोची गोष्ट

समजा, रविवारी तुम्ही घरच्या मंडळींबरोबर कर्नाळ्याला गेलात. पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत हे पक्षी अभयारण्य आहे. ते १९६८ साली स्थापन झाले. किल्ल्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका लांबूनच दिसतो. त्या सुळक्याला पाठीशी घेऊन तुम्ही अब्बांच्या फोनवर आपला आणि धाकट्या बहिणीचा फोटो काढलात. फोटो सुंदर आला. तो सर्वांना दाखवावासा वाटणे साहजिक आहे. आता या एका फोटोत तुमचे ठिकाण किती जागी लपलेले असते, ते मोजू या.

पहिली जागा म्हणजे फोटोची फाईल. कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल, तर फोटोबरोबर तारीख, वेळ, फोनचा प्रकार आणि अक्षांश-रेखांशही साठवले जातात. फोटोकडे नुसते पाहून ते दिसत नाहीत. पाकिटाच्या आत दुमडून ठेवलेल्या चिठ्ठीसारखे ते असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला, तर ही चिठ्ठी गळून पडते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते आणि चिठ्ठीही तिच्याबरोबर जाते. इन्स्टाग्राम आणि फेसबुक ही चिठ्ठी पाहणाऱ्यांना दाखवत नाहीत. मात्र फोटो आपण त्या कंपनीच्या हाती दिलेला असतो, हे विसरू नये.

दुसरी जागा म्हणजे आपण स्वतः लावलेली खूण. कापडाच्या दुकानात प्रत्येक कपड्याला किमतीची चिठ्ठी बांधलेली असते. अशा चिठ्ठीला इंग्रजीत 'टॅग' म्हणतात. फोटो टाकताना ठिकाणाचे नाव जोडायचे का, असे समाजमाध्यम आपल्याला विचारते. आपण 'कर्नाळा' निवडले की फोटोला ठिकाणाचा टॅग लागला. आपले खाते सर्वांसाठी खुले असेल, तर कर्नाळ्याचे फोटो शोधणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला आपला फोटो दिसू शकतो. फेसबुकने २०१० साली, "मी आता येथे आहे," असे जाहीर करण्याची सोय आणली. तेव्हापासून ही सवय जगभर पसरली.

तिसरी जागा म्हणजे माणसांचे टॅग. फोटोत तुमच्याबरोबर मामांचा मुलगा असेल आणि तुम्ही त्याचे नाव जोडले, तर त्याचीही जागा जाहीर झाली. त्याला ते हवे होते का? दुसऱ्याची वस्तू घेण्यापूर्वी आपण विचारतो. दुसऱ्याचे नाव आणि ठिकाण जाहीर करण्यापूर्वीही विचारले पाहिजे.

चौथी जागा म्हणजे शब्दापुढचे चौकोनी जाळीसारखे चिन्ह. याला 'हॅशटॅग' म्हणतात. २००७ साली ट्विटरवर एकाच विषयावरचे लेखन एकत्र सापडावे म्हणून हे चिन्ह वापरण्याची सूचना पुढे आली. कर्नाळा हा शब्द या चिन्हासह लिहिला, तर तो शब्द शोधणाऱ्यांच्या यादीत आपला फोटोही जाऊन बसतो.

पाचवी जागा सर्वांत साधी आहे आणि तीच आपण विसरतो. ती म्हणजे फोटोतले चित्र. बहिणीच्या गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह असते. मागे दुकानाची पाटी असते. रेल्वे स्थानकावर काढलेल्या फोटोत पिवळ्या फलकावर 'पनवेल' हे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असते. फोनमधले ठिकाण बंद केले, म्हणून ही पाटी बंद होत नाही.

कोण पाहते?

"माझे फोटो माझे मित्रच पाहतात," असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे का, हे तपासून पाहा. खाते खुले असेल, तर ते जगातला कोणीही पाहू शकतो. खाते खासगी असेल, तर आपण मान्य केलेली माणसेच पाहतात. पण त्या यादीत आपण प्रत्यक्ष ओळखतो अशी किती माणसे आहेत? "चित्रावरून चांगला वाटला," म्हणून मान्य केलेली किती?

स्टोरी किंवा स्टेटस चोवीस तासांनी दिसेनासे होते, हेही खरे आहे. पण तेवढ्या वेळात पडद्याचा फोटो काढून ठेवायला एक क्षण पुरतो. पाण्यावर काढलेली रेघ पुसून जाते. पडद्यावर काढलेली रेघ कोणाच्या तरी फोनमध्ये राहू शकते.

आणखी एक पाहणारा असतो, त्याची आठवण आपल्याला होत नाही. तो म्हणजे स्वतः ती कंपनी. समाजमाध्यम वापरण्याचे पैसे बहुधा पडत नाहीत. मग कंपनीचा खर्च कसा चालतो? मुख्यतः जाहिरातींवर. कोण कोठे राहतो, कोठे जातो, हे कळले म्हणजे कोणाला कोणती जाहिरात दाखवावी, हे ठरवता येते. म्हणजे सेवा फुकट दिसली, तरी तिची किंमत आपण आपल्या माहितीने चुकवत असतो.

नावाविना ओळख

"मी माझे नाव लिहितच नाही. मग मला कोण ओळखणार?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका घटनेतून मिळते.

स्ट्राव्हा हे धावणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे ॲप आहे. आपण किती धावलो, कोणत्या रस्त्याने धावलो, हे ते नकाशावर नोंदवते. २०१७ साली या कंपनीने जगभरातल्या धावण्याच्या वाटा एकाच नकाशावर दाखवल्या. त्यात कोणाचेही नाव नव्हते. २०१८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, अफगाणिस्तान आणि सीरियासारख्या देशांत, जेथे एरवी नकाशा काळाच होता, तेथे काही जागी चमकत्या रेषा दिसतात. त्या लष्करी तळांवर रोज व्यायामाला धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा होत्या. नाव कोणाचेच नव्हते, पण रोजच्या वाटेने सर्व सांगून टाकले.

आपलेही तसेच असते. सकाळी एका ठिकाणाहून, दुपारी दुसऱ्या ठिकाणाहून आणि रात्री पुन्हा पहिल्या ठिकाणाहून फोटो टाकले, तर पहिले ठिकाण घर आणि दुसरे शाळा, हे कळायला हुशारी लागत नाही. शिकवणीला कोणत्या वारी जाता, परत कोणत्या रस्त्याने येता, हेही आठवडाभरात उमगते. एक फोटो ठिकाण सांगतो. पुष्कळ फोटो सवय सांगतात. आणि एखाद्याची वाट अडवून उभे राहणाऱ्याला ठिकाणापेक्षा सवयच अधिक उपयोगी पडते.

रिकाम्या घराचेही तसेच आहे. ईदला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबे कोकणातल्या आपल्या गावी जातात. गाडी महाडला पोहोचत नाही तोच, "आम्ही सगळे गावी निघालो," असा फोटो टाकला जातो. नातेवाइकांना आनंद होतो. पण पनवेलचे घर आठ दिवस बंद राहणार, ही बातमीही त्याच फोटोबरोबर जाते. तोच फोटो परत आल्यावर टाकला, तर आनंद कमी होत नाही आणि घरही सुरक्षित राहते.

वाघाचा पत्ता

ठिकाण गुप्त ठेवण्याची गरज माणसांनाच असते, असे नाही. मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पात एका वाघाच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता. तो वाघ कोठे आहे, हे त्या पट्ट्यातून शास्त्रज्ञांना ई-मेलने कळत असे. २०१३ साली एका शास्त्रज्ञाचे ते ई-मेल खाते परक्या माणसाने उघडू पाहिले. तो प्रयत्न पुण्याहून झाल्याचे दिसले आणि ई-मेल सेवेने तो रोखला. तो चोरट्या शिकाऱ्याचाच होता, असे काही सिद्ध झाले नाही. पण वाघाचा पत्ता चुकीच्या हाती पडला तर काय होईल, याची जाणीव सर्वांना झाली.

म्हणूनच जाणते पक्षिनिरीक्षक फोटो दाखवतात, पण घरट्याची नेमकी जागा जाहीर करीत नाहीत. घरट्याभोवती गर्दी झाली, तर पक्षी घाबरून अंडी सोडून जाऊ शकतो. कर्नाळ्याला घरटे दिसले, तर तुम्हीही हा नियम पाळा.

खूण रस्ता दाखवते, धोका दाखवत नाही

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत खारघर आहे. तेथे डोंगरावरून पांडवकडा नावाचा धबधबा कोसळतो. पावसाळ्यात त्याचे फोटो फोनवर फिरू लागतात आणि ते पाहून गर्दी जमते. डोंगरमाथ्यावर पाऊस वाढला की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात या परिसरात सहलीला गेलेल्या चार महाविद्यालयीन मुली पाण्यात वाहून गेल्या. २०२४ च्या जुलै महिन्यात आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील कुंभे येथे धबधब्याजवळ चित्रीकरण करायला गेलेली एक तरुणी दरीत पडून मरण पावली. ती प्रवासाच्या चित्रफितींसाठी समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होती.

फोटोतला धबधबा नेहमी हसरा असतो, कारण फोटो काढणारा सुखरूप परत आलेला असतो. ठिकाणाची खूण तेथे कसे जायचे, ते सांगते. दगड किती निसरडा आहे, पाणी केव्हा वाढेल, वनखात्याने मनाई केली आहे की नाही, हे ती सांगत नाही. तेवढ्यासाठी गावातल्या माणसांना विचारावे लागते आणि त्यांचे ऐकावे लागते. धोक्याच्या जागेचा फोटो टॅग लावून टाकण्यापूर्वी एवढा विचार करावा की, हा पाहून आपल्यापेक्षा लहान मूल तेथे गेले तर काय होईल?

मग ही सोय वाईट आहे का?

नाही. चाकूने भाजीही चिरता येते आणि बोटही कापते. दोष चाकूचा नसतो.

आपा महाविद्यालयातून रात्री उशिरा परतणार असेल, तर ती अम्मीला व्हॉट्सअॅपवर चालते ठिकाण पाठवू शकते. ही सोय पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशा मुदतीची असते. मुदत संपली की ती आपोआप थांबते. घरी पोहोचल्यावर आधीही थांबवता येते. पनवेलच्या गजबजलेल्या स्थानकावर चुकामूक झाली, तर ठिकाण पाठवून एकमेकांना शोधता येते. डोंगरात वाट चुकली, कोणी जखमी झाले, तर ११२ या क्रमांकावर मदत मागताना आपली नेमकी जागा सांगता आली, म्हणजे मदत लवकर पोहोचते. अशा वेळी तोच लाल ठिपका जीव वाचवू शकतो.

या उदाहरणांत आणि आधीच्या उदाहरणांत फरक कोणता, ते पाहा. येथे आपण ठिकाण एका ओळखीच्या माणसाला, एका कामासाठी आणि ठरावीक वेळेपुरते सांगितले. तेथे ते कोणालाही, काही कारण नसताना आणि कायमचे सांगितले. कोणाला, कशासाठी आणि किती वेळ, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळते.

आपण काय करावे?

फोन हातात घेऊन घरातल्या मोठ्या माणसांसमवेत पुढील गोष्टी करून पाहा.

फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' उघडा. कोणकोणत्या ॲपला ठिकाणाची परवानगी दिली आहे, त्याची यादी तेथे दिसेल. नकाशाला ठिकाण लागते, हे समजते. पण विजेरीच्या ॲपला किंवा खेळाला ते कशाला हवे? ज्याला गरज नाही, त्याची परवानगी काढून घ्या. ज्याला गरज आहे, त्याला 'ॲप वापरत असतानाच' एवढीच परवानगी द्या. हवामान पाहायचे असेल, तर नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागाही पुरते. नव्या फोनमध्ये तशी निवड करता येते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोबरोबर ठिकाण साठवण्याची सोय असते. ती नको असेल, तर बंद करा. स्नॅपचॅटसारख्या काही माध्यमांत मित्र कोठे आहेत, हे नकाशावर दिसते. अशा नकाशावर स्वतःला लपवण्याचीही सोय असते. ती शोधून ठेवा.

खाते खासगी ठेवा. ओळख नसलेल्यांची नावे यादीतून काढा. फोटो टाकण्यापूर्वी मागची पाटी, गणवेश आणि गाडीचा क्रमांक पाहा. ठिकाणाचा टॅग लावायचाच असेल, तर तेथून निघाल्यावर लावा.

बहुतेक समाजमाध्यमे तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडू देत नाहीत. वय खोटे सांगून खाते उघडले, तर मुलांसाठी केलेली संरक्षणाची तजवीज आपल्याला लागू होत नाही. म्हणजे आपणच आपल्या घराचे एक दार उघडे ठेवले, असे होते.

ठिकाणावरून कोणी पाठलाग करीत असेल, धमकी देत असेल किंवा भेटायला बोलावत असेल, तर गप्प बसू नका. "फोन काढून घेतील," या भीतीने अनेक मुले सांगत नाहीत आणि त्रास वाढतो. अम्मी, अब्बा किंवा शिक्षक यांना लगेच सांगा. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. तेथे फोन करण्यास पैसे पडत नाहीत. पालकांनीही अशा वेळी मुलावर रागावण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.

हा आपला हक्क आहे

आपली खासगी माहिती जपणे म्हणजे काही लपवाछपवी नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा भारतीय नागरिकांचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायची असेल, तर कंपनीने पालकांची संमती घेतली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे.

पण मुलांनो, कायदा दाराला कुलूप देऊ शकतो. ते लावायचे काम आपल्यालाच करावे लागते.

आता पुन्हा त्या मशिदीमागच्या गल्लीत जाऊ या. तेथली माणसे पाहुण्याला घर दाखवायला नाही म्हणत नसत. पाणी विचारत, सोबत दारापर्यंतही जात. फक्त त्याआधी ती एक प्रश्न विचारत : "कोणाकडे जायचंय?" हा प्रश्न म्हणजे संशय नव्हता. ती गल्लीची जागरूकता होती. फोनमध्ये अशी गल्ली नाही. तेथे तो प्रश्न विचारणारे आपणच. म्हणून यापुढे ठिकाणाची खूण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, "हे मी कोणाला सांगतो आहे?"

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फोनला जागा काढण्यासाठी चौथा उपग्रह का लागतो?
(आ) भारताच्या उपग्रह व्यवस्थेचे नाव काय?
(इ) जाणते पक्षिनिरीक्षक कोणती गोष्ट जाहीर करीत नाहीत?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एका फोटोत ठिकाण कोणकोणत्या पाच जागी लपलेले असते?
(आ) 'एक फोटो ठिकाण सांगतो, पुष्कळ फोटो सवय सांगतात,' हे विधान स्पष्ट करा.

३. कारणे द्या.
(अ) गावी जाताना काढलेला फोटो परत आल्यावर टाकावा.
(आ) ठिकाणाची खूण पाहून धबधब्यावर जाणे धोक्याचे ठरू शकते.

४. उपक्रम : घरच्या फोनमध्ये किती ॲपना ठिकाणाची परवानगी दिली आहे, ते मोठ्यांच्या मदतीने मोजा. कोणाची परवानगी काढून घेतली आणि का, ते वर्गात मराठीत सांगा.